अळूच्या पिंपातला नायट्रस

मी चौतीस वर्षं परळच्या एका इस्पितळात भूल विभागात टेक्निशियन होतो. ऑपरेशनच्या टेबलाशी, पेशंटच्या डोक्याकडे भुलीचे डॉक्टर बसायचे आणि त्यांच्या मागे मी उभा. काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा सिलिंडर ऑक्सिजनचा आणि निळा नायट्रस ऑक्साइडचा. निळा जोरात सोडला की भर उन्हाळ्यातही त्याच्या अंगावर बर्फ धरायचा. लोक त्याला लाफिंग गॅस म्हणतात. चौतीस वर्षांत त्या गॅसने हसलेला एक माणूस मी पाहिलेला नाही. रडलेले पाहिले, शिव्या देणारे पाहिले, एका धिप्पाड हवालदाराने डॉक्टरांचा हात धरून त्यांना "आई" म्हणून हाक मारलेली ऐकली. हसलं कुणी नाही.

रिटायर झालो तेव्हा सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं आणि मला वाटलं, आपला आणि नायट्रसचा संबंध संपला. दोन वर्षांत तो परत जुळला, माझ्या मुलीमुळे.

मुलगी मातीवर पीएचडी करते. आमच्या अख्ख्या खानदानात मातीशी संबंध आलेला शेवटचा माणूस म्हणजे माझे आजोबा, आणि ते ती माती दुसऱ्याची होती म्हणून सोडून मुंबईला आले. वडील गिरणीत, मी इस्पितळात, आणि ही पुन्हा मातीत. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला सिरिंजने हवा काढता येते ना?"

"हवा काढतो आम्ही सिरिंजमधून. सिरिंजने हवा कशाला काढतील?"

"मला काढायचीय. मातीतनं नायट्रस निघतो, तो मोजायचाय."

मी घास तसाच ठेवला. नायट्रस सिलिंडरमधून निघतो, सिलिंडर कंपनीच्या ट्रकमधून निघतो, एवढंच मला माहीत. ती म्हणाली, कंपनीच्या कितीतरी पट नायट्रस जगात नुसत्या जमिनीतून निघतो. जमिनीत युरिया पडला की जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. मग माती भिजून घट्ट झाली, आत हवा उरली नाही, की दुसरे जिवाणू श्वास घ्यायला त्या नायट्रेटमधलाच ऑक्सिजन ओढून घेतात. ते काम अर्धवट राहिलं की बाहेर पडतो तो नायट्रस.

"म्हणजे माती घुसमटली की गॅस सोडते?"

"साधारण तसंच."

तिला शहरातल्या भाजीच्या वाफ्यांवर काम करायचं होतं. ठरलेली जागा ऐन वेळी हातची गेली होती. मग तिला आमची गच्ची आठवली.

आम्ही करी रोडला राहतो. चाळ पाडून तिथेच बावीस मजली टॉवर झाला आणि चाळीतले आम्ही सगळे त्यात खालपासून वरपर्यंत रचले गेलो. चाळीत आमच्या शेजारी एक मालवणी मावशी राहायची. मला तिने चड्डीत असल्यापासून पाहिलेलं, त्यामुळे साठीतही मी तिच्यासाठी "झिला", म्हणजे पोरगाच. चाळीच्या मागच्या बाजूला तिचा अळू, वाल, मिरच्या असायच्या. टॉवरमध्ये येताना तिने तो सगळा मळा निळी प्लास्टिकची पिंपं आडवी कापून त्यांत भरला आणि लिफ्टने गच्चीवर नेला. तीस-बत्तीस पिंपं होती. ती रोज सकाळी पाइप घेऊन त्यांना पाणी पाजायची आणि प्रत्येकाशी बोलायची. अळूशी जरा जास्त.

मुलीने तिला विचारलं तेव्हा मावशी माझ्याकडे वळली. "ह्या चेडू काय म्हणता रे? माझ्या मातीक गॅस झालो?"

"सगळ्याच मातीला होतो, मावशी."

"सगळ्यांच्या मातीचा माका सांगू नको. माझी माती चांगली आसा." मग थोडा विचार करून, "किती झालो तां माका पण सांगा."

परवानगी सोसायटीची लागणार होती. आमचे सेक्रेटरी विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. कागदावर नसलेली गोष्ट त्यांच्या लेखी घडलेलीच नसते. मुलीने रीतसर अर्ज दिला. कमिटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी तो मोठ्याने वाचला: "गच्चीवरील मातीतून होणाऱ्या नायट्रस ऑक्साइडच्या उत्सर्जनाचा अभ्यास."

"उत्सर्जन म्हणजे?" चौदाव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं. हे बँकेत मॅनेजर होते. "गच्चीवर संडास-बिंडास बांधायचा विचार आहे का?"

मुलीने समजावलं. तोवर सेक्रेटरींनी मोबाइलवर शोधलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, हा तर लाफिंग गॅस!"

 मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. जणू इस्पितळातून येताना मीच खिशात घालून आणलाय.

परवानगी मिळाली. पण दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली: "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गच्चीवरील पिंपांतून लाफिंग गॅस निघत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सभासदांनी गच्चीवर वावरताना गांभीर्य राखावे."

मुलीने सहा पिंपं निवडली. प्रत्येकाच्या मातीत तिने पाइपचं एक रुंद कडं आठ दिवस आधी रुतवून ठेवलं. मोजायच्या दिवशी त्या कड्यावर पांढरं झाकण बसवायचं. झाकणाला मधोमध रबरी बूच. झाकण लावल्या लावल्या एकदा, मग दर पंधरा मिनिटांनी, बुचातून सुई घालून हवा ओढायची आणि काचेच्या छोट्या बाटलीत भरायची. बाटल्या तिच्या कॉलेजच्या मशीनवर जाणार. सुई माझ्याकडे, घड्याळ तिच्याकडे. मला बरं वाटत होतं. रिटायर झाल्यापासून हाताला काही नेमकं काम नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला आम्ही वर गेलो तर अठरा माणसं. गांभीर्य राखून उभी होती. काहीजण नाकाने लांब श्वास घेत होते. बागेत सकाळी हात वर करून हा हा करणारा जो ग्रुप असतो, तो पूर्ण आलेला. त्यांच्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, "आता खाली जायची गरजच नाही ना. इथे आपोआप येईल."

मी त्यांना सांगितलं, यातून जेवढा गॅस येतो त्याने मुंगीलासुद्धा गुदगुल्या व्हायच्या नाहीत. मोजायला मशीन लागतं ते म्हणूनच.

"तुम्ही हॉस्पिटलवाले असंच बोलता," त्या म्हणाल्या. "मला आत्ताच हलकं हलकं वाटतंय."

आठवड्याभरात गच्चीचं काही खरं राहिलं नाही. सहाव्या मजल्यावरच्या एकाने मला लिफ्टमध्ये गाठून हळूच विचारलं, त्याची दाढ काढायचीय, अळूच्या पिंपाशी बसवून काढता येईल का. एकीने नवऱ्याचा पायजमा पिंपावर वाळत घातला, तो फार रागीट होता म्हणून. सेक्रेटरींना गर्दी आवरेना तेव्हा त्यांनी वेळापत्रक काढलं: प्रत्येकी दहा मिनिटं, ज्येष्ठ नागरिकांना पंधरा, मापन चालू असताना प्रवेश बंद. अळूच्या पिंपाला जास्त मागणी होती, कारण अळूमुळे तिथली माती कायम ओली असायची आणि माझ्या मुलीनेच कुणाला तरी सांगितलं होतं की ओल्या मातीतून गॅस जास्त येतो.

मावशीचं डोकं फिरलं होतं. "भेंडी काढूक गेलंय तर माणसां उठनत नाय! माका गॅस नको, माका माझी भेंडी होयी."

चौदाव्या मजल्यावरचे बँकवाले गृहस्थ रोज बरोबर आठला यायचे. घडीची खुर्ची अळूपाशी उघडायचे, रुमाल गुडघ्यावर पसरायचे आणि पिंपाकडे बघत बसायचे. ते हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्या बायकोने माझ्या मुलीला सांगितलं होतं, "लग्नातल्या फोटोतपण नाहीत हसले. बघ बाई, जमलं तर." पंधरा मिनिटं झाली की ते उठायचे, मला म्हणायचे, "आज काही नाही," आणि खुर्ची मिटून जायचे. नवव्या दिवशी त्यांनी सोसायटीला लेखी तक्रार दिली. सलग आठ दिवस नियमानुसार बसूनही कोणताही परिणाम जाणवलेला नाही, तरी पुरवठ्याची चौकशी व्हावी.

याच दिवसांतली एक गोष्ट सांगायची आहे. रविवार होता, गच्चीवर कुणी नव्हतं. झाकणं लावून आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो होतो. मी मुलीला विचारलं, "एवढासा तर गॅस. निघाला तर निघाला. बिघडतं काय?"

"एका पिंपाचं काही नाही हो. पण जगातली सगळी शेतं धरा. आणि हा एकदा हवेत गेला की शंभर वर्षांवर राहतो. पावसाने धुऊन येत नाही, झाडं घेत नाहीत. तिथे बसून उष्णता धरून ठेवतो. वजनाला वजन लावलं तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त. मग हळूहळू फार वर जातो. तिथे ऊन त्याला तोडतं, आणि त्यातला थोडा तुटताना ओझोन कमी करतो."

"इस्पितळातला पण?"

"रेणू तोच आहे. इस्पितळांचा थोडा, शेतांचा जास्त. पण राहतो तेवढाच."

 आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एक नळी होती. पेशंटने सोडलेला गॅस डॉक्टर-नर्सच्या नाकात जाऊ नये म्हणून ती खिडकीतून बाहेर काढलेली होती. चौतीस वर्षं मी रोज सकाळी ती नीट आहे ना ते बघायचो. बाहेर गेला म्हणजे गेला, असं आम्ही धरून चाललो होतो. आता समोर परळ दिसत होतं, उंच इमारतींच्या फटीतून आमच्या इस्पितळाचा कोपराही दिसत होता, आणि मी नळीतून सोडलेला सगळा गॅस त्याच्यावर कुठेतरी अजून होता.

मग मला हिच्या आईचं ऑपरेशन आठवलं. पित्ताशयात खडे होते. माझी ड्युटी नव्हती, तरी सिलिंडरपाशी मीच उभा राहिलो होतो. ती शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, गॅस बंद केलास का. तिला घरची शेगडी म्हणायची होती. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, गेली ती दुसऱ्याच आजाराने.

नायट्रस शरीरात बदलत नाही. जसा आत जातो तसाच श्वासातून बाहेर येतो, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

"तुझ्या आईच्या ऑपरेशनचा गॅस," मी म्हणालो, "तो पण आहे मग अजून वर."

 तिने वर बघितलं नाही. मी बघितलं. नुसतं पांढरट ऊन होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "पंधरा मिनिटं झाली."

मी उठून सुई घेतली. त्या दिवशी एका झाकणाचं बूच मला पहिल्या झटक्यात सापडलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती कॉलेजातून धावतच घरी आली. चपला घालून थेट आत. "पप्पा, अळूच्या पिंपाला काय केलंत?"

तिने लॅपटॉप उघडला. पाच पिंपांच्या रेघा तळाशी सरपटत होत्या. सहावी उभी वर गेली होती. तिला वाटलं, मशीन बिघडलं. तिने परत मोजलं, तेच. गाइडसरांनी तिला विचारलं होतं, हे पिंप आहे की खताचं गोदाम?

आम्ही वर गेलो. मावशी अळूपुढे कमरेवर हात ठेवून उभी होती. पानांच्या कडा करपल्या होत्या, खालची पानं पिवळी पडून लोंबत होती आणि पिंपाच्या तळातून पाणी ठिबकत होतं.

"कोणी केल्यान ह्या?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला होता की मला भीती वाटली. "तुका सांगतंय झिला, कोणीतरी माझ्या अळवाक मारल्यान."

मुलीने बोटभर माती उकरली. वासानेच मला कळलं. अमोनिया. इस्पितळात नको तिथे लघवी करून ठेवलेल्या जिन्यात येतो तसा. आणि पिंपाच्या कडेला, पाणी पोचलं नव्हतं तिथे, पांढरे, साबुदाण्यासारखे दाणे अजून तसेच पडले होते.

"युरिया," मुलगी म्हणाली. "मुठीने नाही, ओंजळीने टाकलाय."

मावशी शेणखत आणि माशांचं कुटलेलं खत वापरायची. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत तिची बहीण राहते, तिथून ते डब्यात यायचं आणि लिफ्टमध्ये दोन दिवस वास राहायचा. युरिया तिने आयुष्यात हातात धरलेला नव्हता.

तातडीची मीटिंग बोलावली गेली. यावेळी मावशीही आली, करपलेलं अळवाचं पान ताटात घेऊन. तिने ताट टेबलावर मधोमध ठेवलं. सेक्रेटरींनी बराच वेळ त्या पानाकडे पाहिलं. मग पाणी प्यायले आणि उभे राहिले.

"सभासदाची लेखी तक्रार आलेली होती," ते म्हणाले. "पुरवठा अपुरा असल्याबद्दल. तक्रारीची दखल घेणं माझं काम आहे. मी मोबाइलवर वाचलं, युरिया आणि भरपूर पाणी दिल्यास नायट्रसचं प्रमाण वाढतं. दादरहून आणला. तीन दिवस सकाळी सहाला जाऊन टाकला. सभासदांच्या सोयीसाठी."

"आणि तुम्हाला काही सांगावंसं वाटलं नाही?" माझी मुलगी म्हणाली.

"नोंद आहे ना." त्यांनी वही पुढे केली. खरंच होती. तारीख, वेळ, 'अळू पिंप, युरिया, तीन ओंजळी', खाली सही.

मुलीने वही ओढून घेतली. मला वाटलं, आता ही वही त्यांच्या डोक्यात घालते. पण ती पान वाचत गेली आणि तिचा चेहरा बदलला. तीन दिवसांच्या वेळा होत्या, ओंजळींची संख्या होती, वर पाणी किती बादल्या ओतलं तेही होतं. "काका," ती म्हणाली, "याची मला झेरॉक्स मिळेल?"

तेवढ्यात मावशी उठली. तिने ताट उचललं, सेक्रेटरींच्या समोर नेऊन धरलं आणि शांतपणे म्हणाली, "तुमका हसाचा होता ना? मगे हसा आता. माझ्यासमोर हसा."

सेक्रेटरींना काय करावं कळेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग त्या माणसाने खरंच प्रयत्न केला. ओठ ताणले, दात दाखवले, घशातून "ह्या... ह्या..." असा आवाज काढला. इस्पितळात उलटी होण्याआधी पेशंट काढतात तसा. मावशी ताट धरून उभीच. त्यांनी आणखी एकदा केलं. मग खोलीच्या मागच्या बाजूने एक विचित्र आवाज आला. दाराची बिजागरी करकरावी तसा. बँकवाले गृहस्थ होते. तोंडावर रुमाल दाबला होता, खांदे हलत होते. त्यांच्या बायकोने घाबरून पाठीवर हात ठेवला, "अहो, काय होतंय?" त्यांनी रुमाल काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोटाने सेक्रेटरींकडे दाखवत होते आणि बोलता येत नव्हतं. मी जवळ जाऊन त्यांची नाडी पाहिली, सवयीने. ठीक होती.

त्यांनी दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घेतली, लेखी.

अळू गेला. मुलीच्या सांगण्यावरून मावशीने वरची वीतभर माती काढून बाकीच्या पिंपांत थोडी थोडी वाटली, उरलेल्यात शेणखत आणि सुकी पानं मिसळली आणि तिथे मका लावला, कारण मका नायट्रोजन पुष्कळ खातो. पिंपाच्या तळाला तिने तापवलेल्या सळीने आणखी भोकं पाडली, पाणी साचू नये म्हणून. रेघ आठवड्या-आठवड्याला खाली येत गेली. सेक्रेटरींना मावशीने एक महिना रोज सकाळी पाणी घालायला लावलं, आणि तेही तिने मोजून दिलेल्या तांब्याने. ते न चुकता आले आणि प्रत्येक तांब्याची नोंद ठेवली.

मुलीच्या प्रबंधात त्या पिंपावर एक पूर्ण प्रकरण आहे. खताची एवढी तपशीलवार नोंद ठेवणारा शेतकरी आपल्याला अजून भेटलेला नाही, असं तिचे गाइडसर म्हणाले. आता ती कोकणात भाताच्या खाचरांवर तेच मोजते, माझ्याऐवजी तिथली दोन माणसं सुया धरतात. फोनवर ती सांगते की शेतकऱ्यांना गॅसचं सांगून उपयोग नाही, युरिया उडून जातो म्हणजे तुमचं खत फुकट जातं असं सांगितलं की ऐकतात.

सोसायटीत मात्र प्रकरण मिटवायला कागद लागणार होता. सेक्रेटरी माझ्याकडे आले. गच्चीवरून नायट्रस येणं पूर्ण बंद झालं आहे, असं प्रमाणपत्र माझ्या सहीचं हवं होतं, कारण गॅसमधला माणूस बिल्डिंगमध्ये मीच.

"तसं नाही लिहून देता येणार," मी म्हणालो. "माती आहे. थोडा तर निघणारच."

"किती?"

"थोडा."

ते खुर्चीत बसले, बराच विचार केला, मग वाक्य खोडून नवीन लिहिलं. 'गच्चीवरील मातीने मर्यादित प्रमाणात वायू सोडण्यास समितीची हरकत नाही.' खाली सह्यांसाठी दोन रेघा मारल्या. डावीकडे लिहिलं, समितीतर्फे. उजवीकडे लिहिलं, मातीतर्फे. कागद माझ्यापुढे सरकवला. मी चष्मा लावला, एकदा वाचून घेतला आणि उजवीकडे सही केली.